अकरावी ‘ड’चा जगाचा इतिहास

मृणाल देवस्थळी लखनौला आली ती नवऱ्याच्या मागून. हृषीकेशला तिथल्या एका संशोधन संस्थेत वरची जागा मिळाली आणि तिनं पुण्याच्या ज्युनियर कॉलेजातली अकरा वर्षांची नोकरी सोडली. सोडताना तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. इतिहास काय, कुठंही शिकवता येतो, असं ती सगळ्यांना सांगत राहिली. पण लखनौत दोन वर्षं तिला कोणी काही शिकवू दिलं नाही. कुठे तिच्या हिंदीवर बोट ठेवलं, कुठे महाराष्ट्रातल्या बी.एड.ला नाक मुरडलं, कुठे नुसतंच ‘आपको फोन करेंगे’. संस्थेच्या वसाहतीत ती मिसेस देवस्थळी होऊन राहिली. दुपारची जेवणं आटोपली की संध्याकाळपर्यंतचा वेळ तिला खायला उठायचा. एकदा तर तिनं स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून फ्रेंच राज्यक्रांतीचा आख्खा तास घेतला होता, भिंतीला. हे तिनं हृषीकेशलाही कधी सांगितलं नाही.

म्हणून २०१०च्या जुलैत गोमती नगरातल्या एका शाळेनं बोलावलं तेव्हा ती मुलाखतीला अर्धा तास आधी जाऊन बसली. मुख्याध्यापिका रस्तोगी मॅडम पन्नाशीच्या, मऊ आवाजाच्या होत्या. त्यांच्या खुर्चीमागे शाळेच्या संस्थापकांची मोठी तसबीर होती, चंदनाचा हार घातलेली. सगळे त्यांना बाबूजी म्हणत. बाबूजींनी एकसष्ट साली निशातगंजमध्ये दोन खोल्यांत शाळा काढली, आणि त्याच्याही आधी, बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये, कॉलेजवर लाथ मारून अठरा महिन्यांचा तुरुंगवास भोगला, हे रस्तोगी मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. शाळेला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होणार होती. आता सगळा कारभार बाबूजींचे नातू राजेशजी बघत.

“अकरावीला जगाचा इतिहास आहे. आमच्याकडे तो कोणी घ्यायला तयार नसतं,” रस्तोगी मॅडम हिंदीत म्हणाल्या. “मार्चपर्यंत प्रोबेशन. मग बघू.”

मृणालला ‘बघू’ हा शब्दसुद्धा त्या दिवशी गोड लागला.

अकरावी ‘ड’ म्हणजे कला शाखा. हुशार पोरं ‘अ’ आणि ‘ब’मध्ये, दुकानदारांची ‘क’मध्ये आणि उरलीसुरली ‘ड’मध्ये, असा शाळेचा अलिखित हिशेब होता. सदतीस मुलं, दोन पंखे, त्यातला एक चालू. मृणाल वर्गात शिरली तशी मागच्या बाकावरून कोणीतरी “आई गं” असा सूर काढला. मराठी बाई येणार ही बातमी तिच्याआधी पोचली होती. वर्ग हसला.

“उच्चार चांगला आहे,” ती मराठीतच म्हणाली. मग पुस्तक टेबलावर पालथं ठेवून तिनं हिंदीत विचारलं, “आज इस कमरे का दरवाजा सबसे पहले किसने खोला?”

तीन हात वर झाले. तिनं तिघांची नावं फळ्यावर लिहिली आणि खाली लिहिलं, ‘कैसे पता?’ पहिला म्हणाला, मी आलो तेव्हा वर्गात कोणी नव्हतं. दुसरा म्हणाला, मी त्याच्याही आधी येऊन दप्तर ठेवून कँटीनला गेलो होतो. तिसऱ्याचं म्हणणं, ते दप्तर कालपासूनच तिथं होतं. वर्गात चांगलीच जुंपली. मृणालनं पाच मिनिटं जुंपू दिली. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक काटकुळी मुलगी उभी राहिली.

“मैम, तीनों में से किसी ने नहीं खोला. ऊपरवाली चिटकनी तक किसी का हाथ ही नहीं जाता. चौकीदार भैया रोज डंडे से खोलते हैं.”

सगळ्यांनी दाराकडे मान वळवली. वरची कडी खरोखरच छताला टेकल्यासारखी उंच होती.

“तुझं नाव काय?”

“अवनी जगदाळे.”

“साताऱ्याकडची का गं?”

“जी. पापा आर्मी में हैं,” अवनी म्हणाली. मराठी तिला कळत होतं, उत्तर मात्र हिंदीतच आलं.

“हेच आपलं वर्षभराचं काम,” मृणालनं वर्गाला हिंदीत सांगितलं. “या पुस्तकात पाच हजार वर्षं आहेत. मेसोपोटेमिया आहे, रोम आहे, मंगोल आहेत, इंग्लंडच्या गिरण्या आहेत. तिथं तुम्ही नव्हता, मीही नव्हते. म्हणून प्रत्येक वाक्याला हा प्रश्न विचारायचा. कैसे पता? हे लिहिणारा कोण होता, केव्हा लिहिलं, कुणाला खूश करायचं होतं, कुणाची भीती होती?”

मग तिनं आपल्या अपेक्षा सांगितल्या. नोट्स मिळणार नाहीत. गाइडमधलं वाक्य वहीत दिसलं तर शून्य. डिसेंबरात प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा, विषय असा की जगातली एखादी मोठी घटना आपल्या लखनौपर्यंत, आपल्या गल्लीपर्यंत कशी पोचली; आणि तो लायब्ररीत बसून, माणसांशी बोलून करायचा, इंटरनेटवरून उतरवायचा नाही. चूक झाली आणि ती कबूल केली तर गुण कापणार नाही. लपवली तर कापणार.

“और टीचर से गलती हुई तो?” मागच्या बाकावरून आवाज आला.

“तो आप लोग काट लेना,” मृणाल म्हणाली, आणि या वेळी वर्ग हसला तो तिच्या बाजूनं हसला.

त्या दिवशी ती रिक्षा न करता बराच रस्ता चालत घरी गेली. उन्हानं डोकं तापलं होतं, पण तिला त्याचं काही नव्हतं.

वर्षाचे पहिले चार महिने सोन्यासारखे गेले. पोरं आधी कुरकुरली, मग त्यांना नाद लागला. इतर शिक्षक तक्रार करू लागले की ‘ड’ची मुलं हल्ली काहीही सांगितलं की ‘कैसे पता’ म्हणतात. रस्तोगी मॅडम हसून म्हणाल्या, “मृणालजी, आपने तो वकील बना दिए.”

अवनी त्या सगळ्यांत पुढे होती. तिचे वडील माणिक जगदाळे हवालदार होते, छावणीतल्या क्वार्टर्समध्ये राहायचे. लेकीला गोमती नगरच्या शाळेत घालायचं हा त्यांचाच हट्ट. रोज सवारीचे दोन टेम्पो बदलून ती यायची. प्रकल्पासाठी तिनं दुसरं महायुद्ध घेतलं. लखनौमधून कोण सैन्यात गेलं, इथून काय काय पाठवलं गेलं, तंबू कुठं शिवले जायचे. छावणीतल्या दोन म्हाताऱ्यांशी ती बोलून आली. मग म्हणाली, “मैम, पुराने अखबार कहाँ मिलेंगे?”

जुन्या शहरात एक सरकारी वाचनालय होतं. तिथं मुलींना एकटं पाठवायला नको म्हणून नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मृणाल स्वतः तिच्याबरोबर गेली. वाचनालयाच्या माणसानं त्रेचाळीस सालची इंग्रजी वर्तमानपत्राची फाइल आणून टेबलावर ठेवली. कागद पापडासारखे झाले होते, म्हणून झेरॉक्स काढायला मनाई. दोघी समोरासमोर बसून पानं उलटत होत्या. अकराच्या सुमारास अवनीचं बोट एका रकान्यावर थांबलं.

“मैम, ये तो बाबूजी हैं.”

जानेवारीतला अंक होता. कलेक्टरांनी भरवलेल्या एका समारंभाची बातमी होती. युद्धकार्याला मदत करणाऱ्या, म्हणजे सैन्यभरतीसाठी रंगरूट मिळवून देणाऱ्या आणि तंबू पुरवणाऱ्या लोकांना सन्मानपत्रं दिली गेली. खाली नावांची यादी. चौथं नाव बाबूजींचं, वडिलांच्या नावासकट, मोहल्ल्याच्या नावासकट. आणि शेवटी एक ओळ, की या सर्वांनी स्वतः हजर राहून सन्मान स्वीकारला.

अवनी खूश झाली होती. शाळेच्या बाबूजींचं नाव तिला सापडलं होतं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती बोटांवर महिने मोजत होती.

“पर मैम, जनवरी तैंतालीस में तो वो जेल में थे ना?”

मृणालला खरं तर तिथंच थांबता आलं असतं. हे राहू दे, तंबूंचं लिही, असं एक वाक्य पुरलं असतं. पण पुण्याहून आल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. सोळा वर्षांची पोर तिच्यासमोर तिनं शिकवलेला प्रश्न विचारत होती, तोही पुस्तकाला नाही, भिंतीवरच्या तसबिरीला.

“तूच सांग,” ती म्हणाली.

“मतलब दोनों में से एक बात गलत है.”

“कोणती ते आत्ता सांगता येणार नाही. पण जे दिसतंय ते लिही. शब्दन् शब्द उतरव. तारीख, पान, रकाना.”

अवनीनं उतरवलं. मृणालनं मूळ बातमीशी ताडून पाहिलं आणि एक स्पेलिंग दुरुस्त केलं. परतताना दोघींनी कोपऱ्यावर आलू-टिक्की खाल्ली. अवनी पहिल्यांदाच तिच्याशी मराठीत बोलली. “मॅडम, मी पण हिस्टरीच करणार,” ती म्हणाली. बोलताना लाजली आणि पुढचं सगळं पुन्हा हिंदीत गेलं.

मृणालनं त्या प्रकल्पाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले. डिसेंबरात पालक-दिन होता. प्रत्येक वर्गातले चांगले प्रकल्प हॉलमध्ये लावायचे होते. अवनीचा तक्ता लावताना तिच्या मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. तक्त्यावर अवनीनं बाबूजींबद्दल एक वाईट शब्द लिहिला नव्हता. एका चौकटीत शाळेच्या पुस्तिकेतलं तुरुंगवासाचं वाक्य होतं, शेजारच्या चौकटीत बातमी, आणि खाली एवढंच की या दोन्हींचा मेळ कसा लावायचा हे अजून कळलेलं नाही. इतिहास आहे, त्यात घाबरण्यासारखं काय, असं मृणालनं स्वतःला समजावलं. शिवाय कुणीतरी विचारावं, हा कुणी करून घेतला, आणि आपलं नाव निघावं, असंही तिला आतून वाटत होतं.

राजेशजी पाहुण्यांना घेऊन हॉलमधून फिरले. त्या तक्त्यापाशी थांबले. चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं, खालचं नाव वाचलं. “बहुत मेहनत की है बच्ची ने,” ते पाहुण्यांना म्हणाले आणि पुढच्या तक्त्याकडे वळले.

सोमवारी तक्ता जाग्यावर नव्हता.

पहिल्या तासालाच मृणालला ऑफिसात बोलावलं. राजेशजी आधीच आले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. शाळेचं पन्नासावं वर्ष, स्मरणिका छापायला जायची, मंत्री यायचे, अशी त्यांनी एकेक गोष्ट शांतपणे मांडली. मग म्हणाले, “लड़की के पास न कोई फोटो है, न कॉपी. हाथ से लिखा हुआ कागज है. या तो उसने खुद गढ़ लिया है, या किसी बड़े ने उससे लिखवाया है. आप उसकी टीचर हैं. आप ही बताइए.”

“मी नंतर बोलते,” एवढंच मृणालला म्हणता आलं, तेही चुकून मराठीत.

ते गेल्यावर रस्तोगी मॅडमनी दार लावून घेतलं. “मला तुम्ही आवडता,” त्या म्हणाल्या. “म्हणून सांगते. उद्या मुलीच्या आईवडिलांना बोलावलंय. वाचनालयात जाऊन खरंखोटं बघायची इथं कुणाला गरज नाही. तुम्हाला एकच गोष्ट विचारतील, तुम्ही तो पेपर पाहिला होता का. पाहिला म्हणालात, तर लिहवून घेणाऱ्या तुम्ही. मग मार्चपर्यंत थांबायचीही गरज राहणार नाही. आणि या शहरात शाळावाले एकमेकांना फोन करतात, मृणालजी.”

“आणि मुलीचं काय होईल?”

“बच्ची है. डाँट पड़ेगी, भूल जाएगी.”

संध्याकाळी तिनं हृषीकेशला सगळं सांगितलं. तो चहा पिता पिता ऐकत होता.

“खरं सांग ना मग. त्यात काय,” तो म्हणाला.

“नोकरी जाईल.”

“गेली तर गेली. घर काही तुझ्यावर चाललेलं नाही.” तो हे धीर द्यायला म्हणाला होता, पण ते तिला सुरीसारखं लागलं. थोड्या वेळानं कप विसळताना तो पुढे म्हणाला, “फक्त परत घरी बसलीस की मला बोल लावू नकोस. मागची दोन वर्षं मी ऐकलंय.”

मृणालच्या डोळ्यांपुढे तो ओटा आला, ती भिंत आली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता जगदाळे नवराबायको आले. माणिक जगदाळे गणवेशात होते, इस्त्रीची घडी मोडू नये तसे ताठ बसले होते. नंदा, अवनीची आई, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून खुर्चीच्या कडेला टेकली होती. अवनी त्यांच्या मागे उभी होती. मृणाल आत आली तेव्हा अवनीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की तिचा जीव भांड्यात पडला. मॅडम आल्या, आता मॅडम सांगतील.

राजेशजींनी तक्त्याचा तो कागद टेबलावर ठेवला. सगळं सांगून झाल्यावर ते मृणालकडे वळले.

“मैडम, आपने ये अखबार अपनी आँखों से देखा था?”

तसबिरीच्या खाली घड्याळ होतं, त्याची टिकटिक मृणालला ऐकू येत होती. तिनं अवनीकडे पाहायचं टाळलं.

“नहीं,” ती म्हणाली. आणि एकदा तो शब्द निघाल्यावर पुढचेही निघाले. “मी तिच्यावर विश्वास ठेवला. तपासायला हवं होतं. माझी चूक झाली.”

अवनी तिच्याकडे बघत होती. ती एका वाक्यात सांगू शकली असती की मॅडम माझ्यासमोर बसल्या होत्या, माझं स्पेलिंग त्यांनीच दुरुस्त केलं, आम्ही टिक्की खाल्ली. मृणाल त्या वाक्याची वाट पाहत होती. तिला हेही कळत होतं की ते वाक्य आलं तर आपण तेही खोटं ठरवू. अवनीला बहुतेक ते तिच्याआधी कळलं. तिनं नजर खाली घातली आणि गप्प राहिली.

“बोलो बेटा, कहाँ से लिखा?” रस्तोगी मॅडमनी विचारलं.



“अवनी,” माणिक जगदाळे पहिल्यांदाच बोलले. “मॅडमचे पाय धर. माफी माग.”

“पापा...”

“पाय धर म्हणतो ना.”

अवनी पुढे आली, वाकली. तिची बोटं मृणालच्या चपलेला लागली, न लागली. मृणालनं सवयीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवल्याबरोबर चटका बसल्यासारखा मागे घेतला. माणिक जगदाळे उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले. “पोरीनं तुम्हाला गोत्यात आणलं, मॅडम. आमच्यात असं खोटं कधी झालं न्हाई. माफी असावी.”

“असू दे,” मृणाल म्हणाली.

मुलीला काढलं नाही. फक्त सुचवलं की वातावरण बदललं तर तिलाच बरं. आठवडाभरात माणिक जगदाळे दाखला घेऊन गेले. वर्गात दुसऱ्या बाकावर दोन दिवस जागा रिकामी राहिली, मग तिथं कोणीतरी सरकून बसलं. ‘ड’च्या मुलांनी मृणालला काहीच विचारलं नाही. ती आता जे सांगे ते उतरवून घेत. जानेवारीत तिनं औद्योगिक क्रांतीच्या नोट्स दिल्या, तेव्हा कोणी कुरकुरलंही नाही.

मार्चमध्ये ती कायम झाली. पन्नासाव्या वर्षाच्या स्मरणिकेत बाबूजींच्या तुरुंगवासावरचा लेख कच्चा वाटतो, भाषा जरा सुधाराल का, असं रस्तोगी मॅडमनी विचारलं, तेव्हा तिनं तो सुधारला. चांगला सुधारला. तुरुंगाच्या अंगणात कडुनिंब होता आणि बाबूजी त्याखाली इतर कैद्यांना अक्षरं शिकवत, असं तिनं त्यात घातलं. कुठून आणलं हे तिला कोणी विचारलं नाही. पुढच्या संस्थापक-दिनी पाचवीतल्या एका मुलीनं ते वाक्य पाठ म्हणून दाखवलं.

चार वर्षं गेली. मृणाल इतिहास विभागाची प्रमुख झाली.

२०१५च्या मे महिन्यात तिचा मावसभाऊ कानपूरला लग्नाला आला होता, म्हणून त्याला भेटायला निघून ती आलमबागच्या बसस्थानकावर गेली. मेट्रोच्या कामासाठी सगळा रस्ता पत्र्यांनी अडवलेला, धुरळ्यानं श्वास घेता येत नव्हता. बाकावर बसून ती रुमालानं तोंड पुसत होती, तेवढ्यात शेजारून कोणीतरी मराठीत म्हणालं, “मॅडम ना तुम्ही? अवनीच्या?”

नंदा जगदाळे होती. केस पिकले होते, पण पदर तसाच दोन्ही हातांनी धरलेला. तीही कानपूरला चालली होती, बहिणीकडे. तिनं मांडीवरची पिशवी बाजूला करून मृणालसाठी पाण्याची बाटली पुढे केली. माणिकराव सुभेदार होऊन निवृत्त झाले होते आणि इथंच एका कारखान्यात सुरक्षा बघत होते.

“आणि अवनी?”

“साताऱ्याला, आजीपाशी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. श्रावणानंतर लगीन धरलंय तिचं.” नंदा हसली. “तुम्हाला पत्रिका धाडीन म्हणत होते, पण पत्ता न्हवता.”

“इतिहास नाही घेतला?”

“न्हाई. त्या शाळेतनं काढल्यावर पुस्तकच उघडलं न्हाई तिनं ते. म्या म्हटलं, अगं झालं गेलं, तर म्हणाली, नको आई, हिशेबाचं बरं.” मग आवाज उतरवून नंदा म्हणाली, “तुम्ही मनात ठेवू नका हं मॅडम. लई लाजिरवाणं झालतं आम्हाला. तिचे वडील तर, कधी बोट लावलं न्हाई पोरीला, त्या दिवशी घरी आल्यावर पट्ट्यानं मारलं. फौजीची पोर खोटं लिहिती म्हणून. ती रडली पन न्हाई. मग म्हयनाभर बापाशी बोलली न्हाई. अजून मोकळी बोलत न्हाई.”

मृणालच्या हातातली बाटली तशीच राहिली. अवनीनं घरी सांगितलं नव्हतं. चार वर्षांत एकदाही नाही. मार खातानासुद्धा नाही.

का ते तिला कळेना. आपल्यावर दया केली असेल, की आता कोणाला काही सांगून उपयोग नाही हे ती तिथंच शिकली असेल. कळलं एवढंच की आपण आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही. 

“नंदाताई, तिनं खोटं लिहिलं नव्हतं.”

“आँ?”

“तो पेपर खरा होता. मी तिच्याबरोबर होते वाचनालयात. मी वाचला होता. माझी नोकरी गेली असती, म्हणून मी नाही म्हणाले.”

आधी नंदाला नीट ऐकू आलं नसावं असं मृणालला वाटलं. पत्र्यापलीकडे कसलं तरी यंत्र धडधडत होतं. मग तिचे पदर धरलेले हात खाली आले.

“आणि यांनी तिला मारलं,” ती म्हणाली.

“हो.”

“तुमच्या पाया पडायला लावलं.”

मृणालनं मान हलवली. आता ही ओरडेल, चार माणसांत शिव्या देईल, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. पण नंदानं आवाज केला नाही. तिनं बाटली मृणालच्या हातातून काढून घेतली, झाकण लावलं आणि पिशवीत ठेवली.

“हे मला आत्ता कशाला सांगितलंत, मॅडम?”

“तुम्हाला कळायला हवं म्हणून.”

“मला कळून मी काय करू? यांना सांगू? एवढा फौजी गडी, पन आता काळजाचं दुखणं लागलंय त्यांना. पोरीला इनाकारण मारलं हे त्यांना सोसंल व्हय? आन् पोरीला काय सांगू, तिला तर पहिल्यापास्नं ठाऊक हाय.” ती उठली. पिशवी खांद्याला लावली. “तुम्ही मोकळ्या झालात. आता हे घेऊन मी बसते. जन्मभर त्यांच्या ताटाला ताट लावून.”

“मी स्वतः त्यांना येऊन सांगते. अवनीलाही फोन करते. नंबर द्या.”

“नको,” नंदा म्हणाली. “पोरीच्या लग्नात तुमचं नाव निघायला नको मला.”

कानपूरची बस लागली होती. नंदा वळून न बघता चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारत होता, “आ जाइए मैडम, सीट है, पीछे सीट है.” मृणालनं हातानंच नाही म्हणून सांगितलं. बस धुरळा उडवत पत्र्यांच्या कडेनं निघून गेली, आणि ती पुढच्या बसची वाट बघत त्याच बाकावर बसून राहिली.